रेषा कुठे ओढावी, कुठे तोडावी : बीदर-कलबुर्गीच्या आकड्यांचे आलेख

१९५१ च्या जनगणनेत बीदर जिल्ह्याची लोकसंख्या ११,७२,७०२ होती. १९६१ च्या जनगणनेत ती ६,६३,१७२ भरली. दोन्ही आकडे सरकारी आणि दोन्ही बरोबर. आता हे आकडे संगणकावरच्या तक्त्यात एकाखाली एक भरा आणि रेषालेखाचं बटण दाबा. पडद्यावर जी रेष उमटते ती कड्यावरून दगड सुटावा तशी खाली येते. दहा वर्षांत जिल्ह्यातून पाच लाखांवर माणसं नाहीशी झाली, असं ती रेष बघणाऱ्याला सांगते.

असा आलेख शाळकरी मुलांपुढे ठेवला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सर, तेव्हा प्लेग आला होता का?" कोणी दुष्काळ म्हणतं, कोणी रझाकारांचं नाव घेतं. मुलांचा दोष नाही. रेष खाली गेली म्हणजे काहीतरी वाईट घडलं, हे त्यांना शिकवलेलंच आहे. प्रत्यक्षात माणसं आपापल्या घरी, आपापल्या शिवारात होती. हलली होती ती जिल्ह्याची हद्द.

स्थानिक इतिहासाचं काम करणारे आपण बहुतेक जण हौशी आहोत. कागद शोधायला, ते वाचून घ्यायला, आकडे उतरवायला आपण महिनोन्‌महिने घालवतो, आणि शेवटी आलेख काढताना पाच मिनिटांत, दिसायला चांगला म्हणून, कुठला तरी प्रकार निवडतो. वाचकाच्या लक्षात मात्र चित्रच राहतं. म्हणून या निबंधात मी आपल्याच सीमाभागाचे आकडे घेऊन एवढंच बघणार आहे, की कुठल्या माहितीला कुठला आलेख चालतो आणि का. माझं म्हणणं थोडक्यात असं : प्रत्येक प्रकारचा आलेख आकड्यांसोबत स्वतःचं एक विधान गुपचूप करत असतो. ते विधान आपल्या माहितीबाबत खरं असेल तरच तो प्रकार वापरावा. सीमाभागात ही काळजी दुप्पट घ्यावी लागते, कारण इथे हद्दी, भाषा आणि सन हे तिन्ही सरळ नाहीत.

रेषेचं विधान

रेषालेख म्हणतो : या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजलेली वस्तू एकच आहे, आणि मधल्या काळातही ती होती. बीदर जिल्ह्याबाबत १९५१ ते १९६१ या काळात हे विधान खोटं ठरतं.

थोडा इतिहास बघू. हैदराबाद संस्थानातला बीदर जिल्हा मोठा होता. बीदर, भालकी, हुमनाबाद, संतपूर (म्हणजे आजचा औराद), जहीराबाद, नारायणखेड, उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके त्यात मोडत. १९५५ मध्ये फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने बीदर जिल्हा उरलेल्या हैदराबाद राज्यातच ठेवावा अशी शिफारस केली होती. पण १९५६ च्या कायद्याने जिल्ह्याचे तीन वाटे केले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मुंबई राज्यात उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. नारायणखेड तालुका, निर्णा सर्कल वगळून जहीराबाद तालुका, आणि बीदर तालुक्यातलं न्याळकल सर्कल आंध्र प्रदेशात गेलं. राहिलेला जिल्हा म्हैसूर राज्यात आला, ज्याला १९७३ पासून आपण कर्नाटक म्हणतो. उदगीर, निलंगा, अहमदपूर पुढे १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला तेव्हा लातुरात गेले.

म्हणजे १९५१ चं 'बीदर' आणि १९६१ चं 'बीदर' ही एकाच नावाची दोन वेगळी क्षेत्रं आहेत. त्यांना एका रेषेने जोडणं म्हणजे एकत्र कुटुंबाचा वाटणीआधीचा सातबारा आणि वाटणीनंतरचा धाकट्या भावाचा सातबारा शेजारी ठेवून "जमीन घटली" म्हणण्यासारखं आहे. जमीन शिवारातच आहे, खातं बदललं आहे.

मग करायचं काय? दोन मार्ग आहेत. पहिला सोपा : रेष तोडायची. १९५१ पर्यंत एक तुकडा, १९६१ पासून दुसरा, मध्ये मोकळी जागा, आणि त्या जागेत '१९५६ : जिल्ह्याची फेररचना' असं लिहायचं. दुसरा मार्ग मेहनतीचा पण जास्त उपयोगाचा : आजच्या हद्दीतल्या गावांची जुनी लोकसंख्या एकत्र करून मागची मालिका नव्याने बांधायची. जनगणना खातं स्वतःही हे करतं. फेररचनेनंतरच्या खंडांत मागच्या दशकांचे आकडे नव्या हद्दींवर बसवून दिलेले असतात. ते वापरले तर रेष अखंड ओढायला हरकत नाही, फक्त शीर्षकात 'आजच्या हद्दीनुसार' हे शब्द हवेत.

कलबुर्गीत हेच दोनदा झालं आहे. १९५६ मध्ये गुलबर्गा जिल्ह्यातून कोडंगल आणि तांडूर हे तालुके गेले. नंतर २००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या ३१,३०,९२२ होती, ती २०११ मध्ये २५,६६,३२६ झाली. मधल्या काळात यादगीर हा वेगळा जिल्हा निघाला, त्याची २०११ ची लोकसंख्या ११,७४,२७१. दोन्ही मिळवले की ३७,४०,५९७ होतात. म्हणजे जुन्या क्षेत्रात दहा वर्षांत साधारण साडेएकोणीस टक्के वाढ झाली. एका आलेखात जिल्हा ओस पडताना दिसतो, दुसऱ्यात भरभर वाढताना. २०१४ मध्ये जिल्ह्याचं नावही गुलबर्ग्याचं कलबुर्गी झालं, त्यामुळे घोळात आणखी भर. नाव बदललं म्हणून रेष तोडायचं कारण नाही, हद्द बदलली म्हणून आहे. हा फरक ध्यानात ठेवला की पुष्कळ गोंधळ टळतात.

रेष जिथे शोभते

आता उलट बाजू. हैदराबाद संस्थानाची एकूण लोकसंख्या घ्या. १८८१ पासून १९५१ पर्यंत संस्थानाची बाहेरची हद्द जवळजवळ तीच होती. आकडे असे आहेत : १८८१ मध्ये ९८,४५,५९४, १८९१ मध्ये १,१५,३७,०४०, १९०१ मध्ये १,११,४१,१४२, १९११ मध्ये १,३३,७४,६७६, १९२१ मध्ये १,२४,७१,७७०, १९३१ मध्ये १,४४,३६,१४८, १९४१ मध्ये १,६३,३८,५३४, आणि १९५१ मध्ये १,८६,५५,१०८.

हे आकडे नुसते वाचले तर डोळ्यांपुढून सरकून जातात. रेषालेख काढा, मग दोन जागी रेष वाकलेली लगेच दिसते. पहिली वाक १९०१ ला, १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळाची. दुसरी १९२१ ला. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाची साथ आणि त्याच सुमाराचा दुष्काळ तिच्यामागे आहेत. १९११ ते १९२१ मध्ये संस्थानाने नऊ लाखांवर माणसं गमावली, म्हणजे शंभरातली जवळजवळ सात. इथे वस्तू तीच आहे, क्षेत्र तेच आहे, आणि घट खरी आहे. रेष जे सांगते ते माणसांवर गुदरलेलं आहे.

म्हणूनच बीदरची ती १९५६ ची खोटी घसरण मला खटकते. चुकीच्या जागी ओढलेल्या रेषेने वाचकाचा विश्वास उडाला, की १९१८ ची खरी घसरण दाखवतानाही तो म्हणणार, "हद्दच बदलली असेल."

एक बारीक गोष्ट. जनगणना दहा वर्षांनी होते. १९११ आणि १९२१ हे बिंदू जोडले की रेष दहा वर्षं सारखी उतरताना दिसते. पण माणसं अशी दरवर्षी थोडीथोडी गेली नाहीत, साथीचा तडाखा थोड्या महिन्यांतच बसला. म्हणून रेषेवर प्रत्येक जनगणनेच्या जागी ठळक ठिपका द्यावा. मोजलेलं कुठलं आणि आपण जोडलेलं कुठलं, हे वाचकाला कळायला हवं.

स्तंभालेख आला कुठून

आलेखांच्या इतिहासात विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसाचं नाव पहिलं येतं. १७८६ मध्ये त्याने इंग्लंडच्या व्यापाराचा आलेखसंग्रह छापला. त्यात बहुतेक ठिकाणी रेषालेख होते : वर्षं आडवी, आयात-निर्यात उभी. पण स्कॉटलंडच्या व्यापाराचे आकडे त्याला एकाच वर्षाचे मिळाले, १७८०-८१ चे. वर्षांची मालिकाच नाही तर रेष कशाची ओढणार? तेव्हा त्याने सतरा देशांची नावं एकाखाली एक लिहिली आणि प्रत्येकापुढे आयातीची आणि निर्यातीची पट्टी काढली. आज आपण ज्याला स्तंभालेख म्हणतो तो असा, माहिती अपुरी पडली म्हणून, जन्माला आला. मला या गोष्टीत फार मोठा धडा दिसतो. दोन बिंदूंच्या मधलं काही माहीत नसताना प्लेफेअरने ते माहीत असल्याचा आव आणला नाही.

स्तंभालेखाचं विधान साधं आहे : या वेगवेगळ्या वस्तू आहेत, त्यांची उंची पडताळून बघा. बीदर, कलबुर्गी, यादगीर ही तीन नावं शेजारी ठेवायची असतील तर स्तंभच हवेत. या जिल्ह्यांना रेषेने जोडलं तर बीदर आणि कलबुर्गी यांच्या मध्ये कुठलं ठिकाण आलं, असा हास्यास्पद प्रश्न उभा राहतो.

कलबुर्गीकडे आलं की तुरीचं उदाहरण द्यावंच लागतं. बाजारातली तुरीची रोजची आवक स्तंभांनी दाखवावी, कारण आजची आवक आजची आणि उद्याची उद्याची, प्रत्येक दिवसाची रास वेगळी. तुरीचा भाव रेषेने दाखवावा, कारण भाव कालच्या जागेवरून आज चढतो वा उतरतो. पावसाचंही तसंच. महिन्याचा पाऊस म्हणजे साठलेली बेरीज, तिथे स्तंभ. तापमान सलग बदलतं, तिथे रेष. शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकात दोन्ही एकाच चौकटीत असतात ते याचसाठी.

स्तंभाची एक अट मात्र मोडता येत नाही : तळ शून्यावर हवा. २०११ मध्ये बीदर जिल्ह्याची साक्षरता ७०.५१ टक्के होती, कलबुर्गीची ६४.८५. फरक साडेपाच टक्क्यांच्या थोडा वर. पण जागा वाचवायला स्तंभ साठावरून सुरू केले, तर बीदरचा स्तंभ कलबुर्गीच्या दुपटीहून उंच दिसतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की बीदरात सगळे शिकलेले आणि कलबुर्गीत निम्मे अडाणी. रेषालेखात अक्ष मधून सुरू केला तर एक वेळ चालतं, कारण तिथे डोळा चढ-उतार बघतो. स्तंभात डोळा लांबी मोजतो, आणि लांबी कापली की माप खोटं झालं. शेर कापलेला असला की वाण्याचा तराजू सरळ असून काय उपयोग?

वर्तुळात न मावणारी घरं

आता सगळ्यात नाजूक विषय : भाषा. सीमाभागावर काही लिहायचं म्हटलं की हटकून एक वृत्तालेख येतो. वर्तुळ, त्यात चार रंगांच्या फोडी : कन्नड, मराठी, उर्दू, तेलुगू. दिसायला सुटसुटीत, भाषणाला सोयीचा.

वृत्तालेखही प्लेफेअरचाच. १८०१ च्या पुस्तकात त्याने तुर्की साम्राज्याचा प्रदेश आशिया, युरोप आणि आफ्रिका अशा तीन भागांत विभागून वर्तुळात दाखवला. तिथे तो चपखल बसला, कारण जमिनीचा एक तुकडा एकाच वेळी आशियात आणि आफ्रिकेत नसतो. वृत्तालेखाचं विधान हेच आहे : सगळे भाग मिळून एक पूर्ण होतं, आणि कुणीही दोन फोडींत नाही.

भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद किंवा आळंदकडच्या कुठल्याही घरात हे विधान नेऊन बघा. आईशी मराठी, शेजारी कन्नड, बाजारात दखनी, सासुरवाडी जहीराबादकडची असली तर तेलुगू. माणूस एक, आणि फोडी तीन. जनगणनेत मातृभाषेचा रकाना एकच असतो, तिथे एकच नाव लिहावं लागतं. पण त्याच जनगणनेत आणखी कुठल्या भाषा येतात हेही विचारतात. वृत्तालेख पहिला रकाना घेतो आणि दुसरा टाकून देतो. सीमाभागाची खरी ओळख त्या टाकलेल्या रकान्यात आहे.

जुन्या बीदर जिल्ह्यात तर मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू यांपैकी एकाही भाषेचा वाटा निम्म्यापर्यंत जात नव्हता. असा जिल्हा भाषेच्या तत्त्वावर कुठे जोडायचा, हा पेच १९५५-५६ मध्ये पडला तो याचमुळे. पुढे महाजन आयोगाने १९६७ मध्ये अहवाल दिला, त्यात कर्नाटकातली २६४ गावं महाराष्ट्राला आणि महाराष्ट्रातली २४७ गावं कर्नाटकाला द्यावीत अशी शिफारस होती. महाराष्ट्राचा ८६५ गावांचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या वादात कोण बरोबर हे ठरवणं या निबंधाचं काम नाही. मला एवढंच दाखवायचं आहे, की या वादात दोन्ही बाजूंनी जी चित्रं फिरतात, ती कशी काढली आहेत हे बघितल्याशिवाय त्यांवर हो किंवा नाही म्हणू नये.

नकाशाचं घ्या. गाव हा घटक धरून, ज्या गावात जी भाषा जास्त त्या भाषेचा रंग दिला, की क्षेत्रघनी पद्धतीचा स्वच्छ नकाशा तयार होतो. पण शंभरात एक्कावन्न मराठी आणि एकोणपन्नास कन्नड असलेलं गाव नकाशावर अख्खं मराठी होतं. उलट असेल तर अख्खं कन्नड. एकोणपन्नास माणसं रंगाखाली दडपली जातात. शिवाय शिवार मोठं आणि वस्ती विरळ असलेलं गाव नकाशावर मोठं दिसतं, आणि दाट वस्तीची पेठ ठिपक्याएवढी. डोळा माणसं मोजत नाही, रंगलेली जमीन मोजतो.

अशा वेळी टिंब पद्धतीचा नकाशा बरा. ठरावीक माणसांमागे एक टिंब, प्रत्येक भाषेला वेगळा रंग, आणि टिंबं एकमेकांत मिसळलेली. हा नकाशा भाषणाला सोयीचा नाही, कारण त्यात हद्द सापडत नाही. पण गाव जसं आहे तसं दिसतं. आणि वर्तुळाच्या जागी मी आडवे जोडस्तंभ सुचवेन : प्रत्येक भाषेपुढे दोन पट्ट्या, एक ती मातृभाषा असलेल्यांची, दुसरी ती आणखी एक भाषा म्हणून येणाऱ्यांची. सगळ्या पट्ट्यांची बेरीज शंभराच्या वर जाईल. जाऊ द्या. बीदरात ती शंभराच्या वरच आहे.

वर्तुळाबाबत आणखी एक हिशेब सांगतो, कारण यात बरेच जण फसतात. १९५१ आणि १९६१ च्या बीदरची दोन वर्तुळं शेजारी काढायची असं कुणी ठरवलं. लोकसंख्या १.७७ पट, म्हणून त्रिज्याही १.७७ पट घेतली. झालं, मोठं वर्तुळ तिप्पट दिसायला लागलं, कारण क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढतं. त्रिज्या १.३३ पट घ्यायला हवी होती. माणसांची, पोत्यांची, घागरींची लहानमोठी चित्रं काढून आकडे दाखवतात तिथेही हाच घोळ होतो. त्यापेक्षा पट्टी बरी, तिला एकच दिशा.

मोजलेलं आणि अंदाजलेलं

काही आकडे मोजलेले नसतात, तपास करून अंदाजलेले असतात. आपल्या भागात १९४८ हे साल तसं आहे. मे महिन्यात बीदर जिल्ह्यातल्या गोरट्यात रझाकारांनी केलेलं हत्याकांड, आणि सप्टेंबरमधल्या पोलीस ॲक्शनच्या वेळी आणि नंतर झालेली मुसलमानांची कत्तल, या दोन्ही गोष्टी इथल्या गावांच्या आठवणीत आहेत, आणि बहुतेक घरांत त्यांतली एकच सांगितली जाते. सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये फिरून अहवाल दिला. पोलीस ॲक्शनच्या वेळी आणि नंतर संस्थानात कमीत कमी २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, असा तिचा अंदाज होता. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत तिने उस्मानाबाद आणि नांदेडबरोबर बीदर आणि गुलबर्गा ही नावं घेतली आहेत.

हा आकडा स्तंभाने कसा दाखवणार? २७ हजारांचा स्तंभ काढला तर एक बाजू म्हणणार कमी केला, ४० हजारांचा काढला तर दुसरी म्हणणार फुगवला, मधला साडेतेहेतीस काढला तर तो कुणीच कधी सांगितलेला नाही. इथे स्तंभ नको. २७ पासून ४० पर्यंत एक आडवी पट्टी काढावी, दोन्ही टोकं लिहावीत, आणि शेजारी 'समितीचा किमान अंदाज' हे शब्द ठेवावेत. जनगणनेच्या आकड्यांच्या चौकटीत ही पट्टी घुसडू नये. मोजणी आणि अंदाज यांचं चित्र वेगळं असावं, म्हणजे वाचक दोन्हींना एकाच वजनाने तोलणार नाही. मेलेल्या माणसांबद्दल बोलताना इतकी सभ्यता तरी पाळायला हवी.

राजधानीच्या तारखेलाही हाच नियम लावता येतो. बहमनी राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला कधी आली? अहमदशाह वलीच्या काळात, म्हणजे १४२२ ते १४३६ च्या दरम्यान, एवढं नक्की. नेमक्या सालाबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. कालपटावर तिथे एक टोकदार बाण मारण्यापेक्षा काही वर्षांची फिकट पट्टी द्यावी. महमूद गवानच्या मदरशाला १४७२ चा बाण खुशाल मारा.

आडव्या अक्षावरचा सन

शेवटचा मुद्दा हैदराबादच्या दफ्तरांत काम करणाऱ्यांसाठी. महसुलाचे, पिकांचे, जहागिरीचे जुने कागद फसली सनात असतात. फसली आणि इसवी सनात ५९० किंवा ५९१ वर्षांचं अंतर पडतं, आणि फसली वर्ष इसवीच्या दोन वर्षांवर पसरलेलं असतं. जहागिरी रद्द करणारा कायदा १३५८ फसलीचा. ते वर्ष १९४८ च्या ऑक्टोबराच्या सुमारास सुरू झालं आणि कायदा लागू झाला १५ ऑगस्ट १९४९ ला. आता १३५८ फसली म्हणजे १९४८ असं धरून महसुलाचा आलेख काढला, तर जहागिरी रद्द होण्याचा परिणाम पोलीस ॲक्शनच्या आधी दिसायला लागेल. कारण नंतर आणि परिणाम आधी, असा उलटा इतिहास तयार होईल.

यावर उपाय सोपा आहे. आडव्या अक्षावर फसली सनच ठेवावा आणि खाली लहान अक्षरांत इसवी जोडसाल द्यावं : १३५८ खाली १९४८-४९. आणि वर्षभराची बेरीज असेल तर स्तंभ त्या दोन सालांच्या मध्ये उभा करावा, एकावर नव्हे.

आलेख काढण्याआधीचे प्रश्न

हे सगळं लक्षात ठेवायला मी स्वतःपुरते चार प्रश्न ठरवले आहेत, कुणाला उपयोगी पडले तर घ्यावेत. मोजलेली वस्तू पहिल्या सालापासून शेवटच्या सालापर्यंत तीच आहे का? असेल तर रेष, नसेल तर रेष तोडा. वस्तू वेगवेगळ्या आहेत आणि तुलना करायची आहे का? मग स्तंभ, आणि तळ शून्यावर. सगळे भाग मिळून एक पूर्ण होतं आणि एकही माणूस दोन भागांत नाही का? तरच वर्तुळ. आकडा मोजलेला की अंदाजलेला? अंदाज असेल तर दोन्ही टोकं दाखवा. आणि प्रत्येक आलेखाखाली, चौकटीच्या आतच, 'कुठल्या सालच्या हद्दीनुसार' ही ओळ लिहा. चौकटीबाहेर लिहिलेली टीप चित्र पुढे पाठवताना गळून पडते, हा सगळ्यांचाच अनुभव आहे.

ही ओळ कोणासाठी लिहायची, तेही सांगतो. उदगीर-निलंग्याकडची मंडळी आजही आजोबांच्या जमिनीचा, शाळेच्या दाखल्याचा माग काढत असतात. जुन्या कागदावर 'जिल्हा बीदर' लिहिलेलं असतं, आणि घरचे म्हणतात, "आपण तर लातूरचे, बीदरचं नाव कसं?" नारायणखेडच्या माणसाचं तसंच, न्याळकलच्याही माणसाचं तसंच. आपल्या आलेखात १९५६ च्या जागी रेष तुटलेली असेल आणि तिथे तीन वाटा लिहिलेल्या असतील, तर त्या माणसाला आपलं घर त्यात सापडेल. रेष सलग खाली गेलेली असेल, तर तो आणि त्याच्यासारखे पाच लाखांवर लोक आलेखात मेलेले दिसतील, आणि ते तर शेजारच्या जिल्ह्यात ज्वारी पेरत होते.